उभ्या बाईचा कोट

मंगळवार, ४ मार्च

आज साहेबांनी आम्हा सगळ्यांना वरच्या मजल्यावर बोलावून घेतलं. शिलाईच्या खोलीतल्या बायकाही आल्या, नाहीतर त्यांना वर जायचं काम पडत नाही. शहराच्या बस कंपनीने महिला ड्रायव्हरांच्या नव्या गणवेशाचं काम आमच्याकडे दिलंय. साहेब म्हणाले, "आजवर आपण मेजवान्यांना जाणाऱ्या बायकांना सजवलं. आता कामावर जाणाऱ्या बाईला सजवू." टाळ्या पडल्या. सगळ्यांना कॉफी मिळाली.

साहेबांचं नाव मोठं. स्त्रीचं मन ओळखणारा असा दुसरा कलावंत नाही, असं मासिकांत छापून येतं. मी त्यांचा कटिंग मास्तर. ते कागदावर चार रेषा ओढतात, त्या रेषांचं कापड करायचं काम माझं. गावच्या शाळेत शिकलेला माणूस अशा ठिकाणी पोचला, ही देवाची कृपा. सकाळी कात्री उचलण्याआधी मी डोळे मिटून त्याची आठवण काढतो. एवढीच माझी पूजा.

घरी येऊन हिला बातमी सांगितली. ही त्याच कंपनीची बस चालवते. वाटलं होतं, हरखून जाईल. हिने भाजी चिरता चिरता विचारलं, "तुमच्या साहेबांनी बस पाहिलीय का कधी?"

"म्हणजे काय! रस्त्यावर बसच बस आहेत."

"बाहेरून नाही म्हणत मी."

शुक्रवार, १४ मार्च

चित्र आलं. खोटं कशाला बोलू, देखणं आहे. निळा कोट, कमरेत घट्ट, पुढून एकही बटण नाही. गळ्यापासून खालपर्यंत अखंड निळाई. बटणं सगळी पाठीवर. बाही खांद्यापासून सरळ खाली उतरते, कुठे चुणी म्हणून नाही. खाली चिंचोळी पँट. दोन्ही बाजूंना खिशाच्या पट्ट्या आहेत, पण पट्टीखाली खिसा नाही. साहेब म्हणतात, खिसा दिला की बाई त्यात वस्तू भरते आणि रेषा मोडते.

आज पहिलं फिटिंग झालं. आमच्या फिटिंगच्या खोलीत तिन्ही बाजूंना आरसे आहेत, मध्ये गोल चौथरा. त्यावर मॉडेल मुलगी उभी राहते. हात खाली, मान वर. साहेब भोवती फिरतात आणि "हलू नकोस, श्वास धर" म्हणतात. मुलगी बिचारी श्वास धरते.

मी हे काम शिकलो पुरुषांच्या सुटांवर. माझे गुरू गिऱ्हाइकाला आधी खुर्चीत बसवायचे. बसा, वाका, हात वर करा, बुटाची नाडी बांधल्यासारखं करा. मग खडू लावायचे. बायकांच्या खोलीत खुर्चीच नाही. दोन्हीकडच्या रीती वेगळ्या, इतकंच.

सोमवार, २४ मार्च

ही डेपोच्या कामगार समितीवर आहे, म्हणून एक नमुना घरी आणायची परवानगी मिळाली. बायकोने आपण कापलेला कोट घालून पाहावा, याचा मला आनंदच होता.

बटणं मी लावून दिली. ही आरशासमोर उभी राहिली. काय सांगावं! इतक्या वर्षांच्या संसारात ही मला अशी कधी दिसली नव्हती. मी तसं म्हणालोही.

"हो का? आता बघा हं," म्हणाली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. कोटाची कॉलर वर सरकून हनुवटीला लागली. मग हिने दोन्ही हात पुढे केले, चाक धरल्यासारखे, आणि मोठं वळण घ्यायला गेली. पाठीतून कर्र असा आवाज आला. मुंढा, म्हणजे बाही जिथे खांद्याला जोडतात तो घेर, इतका आवळून बेतलाय की हात छातीच्या वर जातच नाही.

"आणि ही किल्ली कुठे ठेवू?" हिने खिशाच्या पट्टीखाली बोटं घातली. "अहो, दार आहे, पण आत घरच नाही!"

"पट्टी शोभेची आहे."

"मी पण शोभेचीच का? आणि पहाटे ही पाठीवरची बटणं कोण लावणार?"

"मी उठलेलोच असतो की."

"आणि डेपोतल्या बाकीच्या बायकांना? त्यांच्याही घरी जाणार का तुम्ही?"

मला हसू आलं, पण हिला नाही आलं. आज डेपोत फलक लागलाय. जूनच्या पहिल्या सोमवारपासून गणवेश सक्तीचा. जी घालणार नाही किंवा जिला घालून गाडी चालवता येणार नाही, तिला चाकावरून काढून तिकीट खिडकीत बसवणार.

ही खिडकीतच होती आधी. कित्येक वर्षं काचेतल्या भोकातून लोकांचे हात बघत बसायची, असं तीच म्हणते. चाक मिळावं म्हणून तीनदा परीक्षा दिली. दोनदा नापास केलं, कारण सांगितलं नाही. तिसऱ्या वेळी परीक्षकालाच बसमध्ये झोप लागली, इतकी अलगद चालवली.

कोट काढून हिने नीट घडी घातली. म्हणाली, "चाक मी सोडणार नाही. तुमच्या साहेबांना सांगा."

बुधवार, २ एप्रिल

आठवडाभर धीर गोळा करत होतो. आज सांगितलं.

साहेब खिडकीपाशी उभे होते. मी म्हणालो, "साहेब, मुंढा थोडा खोल घेऊ का? काखेत कापडाची एक छोटी कळी टाकली तर हात वर जाईल. बाहेरून कळणारही नाही."

"कशाला वर जायला हवा हात?"

"बस चालवायची असते ना, साहेब."

ते रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत, म्हणून तर बोलणं अवघड होतं. म्हणाले, "मास्तर, बस इंजिनवर चालते. आपण बाईचं बघायचं. बाई उभी असते तेव्हाच दिसते. बसली की तिचं गाठोडं होतं." थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "माझी आई मला बसलेली आठवतच नाही. चुलीपाशी उभी, नळापाशी उभी, दारात उभी. काय उभी राहायची! मी आजवर जे जे काढलं, ते तिलाच डोळ्यांपुढे ठेवून."

माझे डोळे भरून आले. आईवर इतकं प्रेम करणाऱ्या माणसाशी मुंढ्यावरून काय वाद घालायचा? मी नमस्कार करून खाली आलो.

खाली मावशींना सांगितलं. मावशी शिलाईच्या खोलीच्या प्रमुख. साहेब नवखे होते तेव्हापासून इथे आहेत. त्यांनी दाताने दोरा तोडला आणि म्हणाल्या, "बसायला मिळालं नाही त्या बाईला. आणि हा म्हणतो, काय उभी राहायची!"

मावशी कधीकधी फार कठोर बोलतात.

गुरुवार, ३ एप्रिल

हिला सांगितलं. आईचंही सांगितलं. हिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही विचारलंत, ते बरं केलंत." माझ्या ताटात जास्तीची पोळी वाढली. नंतर भांडी मात्र जरा जोरात घासली.

देवा, मी कुठल्या बाजूचा आहे? साहेबांनी मला मान दिला. हिने मला घर दिलं. आणि दोघांच्या मध्ये एक कोट आहे, जो मीच कापलाय.

शनिवार, १२ एप्रिल

देवाने ऐकलं! हिचा राग गेला.

मे महिन्यात डेपोतच गणवेशाचं मोठं सादरीकरण आहे. पत्रकार, कॅमेरे, कंपनीचे अध्यक्ष, सगळे येणार. साहेबांची इच्छा आहे की मॉडेल नकोत, डेपोतल्या खऱ्या ड्रायव्हरांनी कोट घालून चालावं. समितीने होकार कळवला. अट एकच, कोण चालणार ते समिती ठरवेल. साहेब खूश. मला म्हणाले, "बघितलंत? सौंदर्यापुढे सगळे नमतात."

हिला म्हटलं, "तू समजून घेतलंस, फार बरं वाटलं." ही म्हणाली, "माणसाने घालून बघितल्याशिवाय बोलू नये, असं ठरवलंय आम्ही." किती पोक्त विचार!

संध्याकाळी पैलवान चहाला आला. हा हिच्या डेपोतला ड्रायव्हर. खांदे आमच्या दारात मावत नाहीत, मिशा दोन्हीकडे वळवलेल्या, आवाज मात्र लाजऱ्या मुलीसारखा. इकडचं तिकडचं झाल्यावर मला विचारतो, "मास्तर, ती पाठीवरची बटणं एकट्याने लावायची काही युक्ती आहे का?" आणि स्वतःचा हात मागे वळवून दाखवू लागला. हात पोचेना. हिला चहाचा ठसका लागला.

बायकोच्या कपड्यांची इतकी काळजी करणारा नवरा विरळाच. त्याला सांगितलं, दुसऱ्याची मदत घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

समितीने सादरीकरणाची मापं कळवली. सहा कोट, सगळे सर्वात मोठ्या मापाचे. आमच्याकडे हे माप पेटीच्या तळाशी पडलेलं असतं, वर्षातून एकदा निघालं तर. ही म्हणाली, "बाह्या नेहमीपेक्षा तीन इंच लांब ठेवा. आणि पँटची लांबी सोडून ठेवा, खाली दुमडता येईल."

मी म्हणालो, "भरदार दिसतात तुझ्या मैत्रिणी."

"हो ना. खाऊनपिऊन सुखी आहेत."

मला त्यांचं कौतुक वाटलं. साहेबांच्या कपड्यांत नेहमी सडपातळ मुलीच मिरवतात. या धिप्पाड बायका कॅमेऱ्यांपुढे उभ्या राहणार, हे धाडसच. त्यांचा कोट मी विशेष मन लावून कापला. रेषा साहेबांचीच, एक सूतही बदललं नाही. मुंढा तसाच, खिशाच्या पट्ट्या तशाच. फक्त सगळं मोठं.

मावशींना बाही दाखवली तेव्हा त्यांनी ती आपल्या हाताला लावून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, मग खुदकन हसल्या आणि खोलीभर ते हसू पसरलं. विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "काही नाही मास्तर. तुमची देवावर श्रद्धा आहे ना? ती तशीच राहू द्या."

रविवार, २७ एप्रिल

मन अस्वस्थ आहे. सादरीकरण झालं की कोट पक्का झाला. मग जूनमध्ये ही तो घालून चालवणार कशी? काल पुन्हा हिला विचारलं. म्हणाली, "जूनचं जूनमध्ये. तुम्ही त्या दिवशी चांगले बूट घाला."

स्टुलावर बसून चाक धरलेले हिचे हात राहून राहून आठवतात. प्रार्थनेला बसलो तरी तेच.

शनिवार, ३ मे

जसं घडलं तसं लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

डेपोचं आवार धुऊन काढलं होतं. बस दोन्ही बाजूंना ओळीत, मध्ये लाल जाजम. एका बाजूला पाहुण्यांच्या खुर्च्या, पुढच्या ओळीत साहेब आणि कंपनीचे अध्यक्ष. मी नेहमीप्रमाणे मागे, हातात सुईदोरा, वेळेला टाका घालायला. महिला ड्रायव्हर कुठे दिसेनात. मग पाहिलं तर त्या आपापल्या बसमध्ये, जुन्या गणवेशात, चाकामागे बसलेल्या. शर्ट आणि ढगळ पँट, पुरुष घालतात तेच. आमची ही पहिल्या बसमध्ये. मला वाटलं, चालणाऱ्या वेगळ्या असतील.

संगीत सुरू झालं. कार्यशाळेचा पडदा बाजूला झाला आणि बाहेर आला पैलवान.

निळा कोट, पाठीवर बटणं, चिंचोळी पँट. मिशांना तेल लावलेलं. त्याच्यामागे पाच जण, डेपोतले सगळ्यात धिप्पाड पुरुष. सर्वात मोठं माप. बाह्या तीन इंच लांब. माझ्या हातातून सुई पडली.

संगीत आपलं वाजतच होतं. पैलवान मान वर करून, हात खाली सोडून, जाजमावरून इतका गंभीरपणे चालत आला की कॅमेरेवाले आधी फोटो काढायलाच विसरले. आणि सांगायला लाज कसली, तो चांगला दिसत होता. साहेबांची रेषा त्याच्यावरही रेषाच होती. उभा होता तोवर.

जाजमाच्या टोकाला सहा रिकाम्या बस होत्या. सहा जण त्यांच्या दारांशी गेले. पैलवानाने पाय पायरीवर टाकायला उचलला. पँटने तो गुडघ्यापर्यंतही येऊ दिला नाही. त्याने वरचा दांडा पकडायला हात उचलला. हात छातीशी अडकला. किल्ली ठेवायला खिशाची पट्टी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली, आणि शेवटी किल्ली दातांत धरली. मग त्याने सगळा जोर लावला. फाटल्याचा आवाज मी इतक्या लांबून ओळखला. उजवा मुंढा. माझाच टाका. पाठोपाठ दुसऱ्या बसपाशी एक, तिसऱ्या बसपाशी एक. एक गडी तर पायरी चढायच्या भानगडीतच पडला नाही. दाराला टेकून उभा राहिला आणि कॅमेऱ्याकडे बघून लाजला.

आधी कोण हसलं ते माहीत नाही. मग सगळं आवार हसत होतं.

अध्यक्ष ताडकन उठले. लाल झाले होते. "हा काय तमाशा आहे? हा कोट पुरुषांसाठी नाही!"

ही बसमधून उतरली. अगदी सावकाश. म्हणाली, "का नाही, साहेब? आपल्याच डेपोतले ड्रायव्हर आहेत. कापड तेच, बेत तोच. कोण चालणार हे समितीने ठरवायचं होतं, आम्ही ठरवलं."

"अहो, पण यांना बस चालवायची असते!"

हे वाक्य अध्यक्ष माईकजवळ उभे राहून बोलले. ते आवारभर घुमलं. बोलून झाल्यावर ते त्यांनाही ऐकू आलं असावं, कारण त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

ही म्हणाली, "आम्हालाही."

बस, एवढंच. भाषण नाही, घोषणा नाही. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "माझी गाडी सुटायची वेळ झाली. हे सहा जण या कोटात गाडी चालवायला लागले की मला कळवा, मी पण घालीन. तोवर मला खिडकीत बसवायचं कोणी नाव काढू नका." आणि बसमध्ये चढली. एका ढांगेत चढली, दांडा पकडून, रोजच्यासारखी. इंजिन चालूच होतं. तिच्या मागोमाग एकेक बस ओळीतून बाहेर पडली, पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोरून, प्रत्येक चाकामागे एक बाई. कुठल्याही गाडीला उशीर झाला नाही.

पैलवानाने दातांतली किल्ली काढून टाळ्या वाजवायचा प्रयत्न केला. हात एकमेकांपर्यंत पोचेनात. तेव्हा मी हसलो. मोठ्याने, पोट धरून. साहेबांनी मागे वळून पाहिलं.

रविवार, ४ मे

हिला विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही. साहेबांनी नुसतं 'मास्तर, कसं चाललंय' विचारलं असतं तरी तुम्ही सगळं ओकला असतात."

हे खरं आहे.

"आणि ते सहा जण तयार कसे झाले?"

"पैलवानाची मुलगी पुढच्या वर्षी ड्रायव्हरची परीक्षा देणार आहे. बाकीच्यांना त्याने तयार केलं. एक जण म्हणाला, मला फक्त फोटो हवा."

उद्या कामावर काय होणार, देव जाणे. साहेब समोर असताना मी हसलो. काढून टाकलं तरी माझी तक्रार नाही. पण हसू काही केल्या थांबत नाही. आज प्रार्थनेतही आलं. देव रागावला नसावा.

मंगळवार, ६ मे

काल साहेब आलेच नाहीत. आज सकाळी मी कटिंगच्या खोलीचं दार ढकललं, तर ते माझ्या टेबलापाशी उभे. अंगात तो सहावा कोट, जो पायरी चढला नव्हता म्हणून शाबूत राहिला. साहेब अंगाने थोराड, त्यांना बरोबर बसला होता.

"बटणं लावा, मास्तर."

मी लावली. ते माझ्या स्टुलावर बसले. कॉलर हनुवटीला लागली. भिंतीवर टांगलेली माझी कात्री घ्यायला हात उचलला, तो तिथपर्यंत गेला नाही. पुन्हा उचलला. मग हात मांडीवर ठेवले.

"हे मला कोणी सांगितलं कसं नाही?"

"मी सांगितलं होतं, साहेब. मुंढ्याचं."

"तुम्ही बसचं बोलत होतात."

"बसमधल्या बाईचं बोलत होतो, साहेब."

बाहेर शिलाईच्या यंत्रांचा आवाज बंद झाला होता. बायका ऐकत असाव्यात.

"काढा हे," ते म्हणाले. मी बटणं सोडवत असताना पाठमोऱ्यानेच विचारलं, "तुम्ही हसत होतात."

"हो, साहेब."

"कसा दिसत होता? तो मिशावाला."

"उभा होता तोवर फार छान, साहेब."

ते हसले की खोकले, मला कळलं नाही. दारापाशी थांबून म्हणाले, "अध्यक्षांचा फोन होता. कोट पुन्हा करायचाय. तुम्हाला कशी खोली लागेल?"

मी म्हणालो, "खुर्ची असलेली."

गुरुवार, १५ मे

खुर्ची नाही, त्याहून भारी वस्तू आली. पैलवानाने भंगारातल्या बसमधून ड्रायव्हरची सीट काढली, चाकासकट, आणि खांद्यावर घालून आमच्या आरशांच्या खोलीत आणून ठेवली. गोल चौथरा बाहेर गेला. तेलाचा वास सगळ्या मजल्यावर पसरला. येणारी गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावतात.

आज डेपोतल्या बायका आळीपाळीने आल्या. प्रत्येकीला सीटवर बसवलं. वळण घ्या, आरशात बघा, खाली वाका, मागे वळून कोणाला तरी ओरडा. यातलं शेवटचं सगळ्यांना चांगलं जमलं. माझ्या गुरूंनी पुरुषांसाठी शिकवलेलं सगळं वापरलं, आणि त्यांनी न शिकवलेलंही. कारण छातीचं, पोटाचं, दिवसभर बसण्याचं प्रत्येकीचं गणित वेगळं. एकीला मूल होणार आहे, तिच्या कोटाला बाजूंनी सैल करायच्या पट्ट्या दिल्या.

साहेब कोपऱ्यात वही घेऊन उभे होते. दुपारी मावशी त्यांना म्हणाल्या, "बसा की आता. किती वेळ उभे राहाल?" ते बसले. मी त्यांना इथे बसलेलं दुसऱ्यांदा पाहिलं.

एक बाई म्हणाली, "खिसे दोन नकोत, चार द्या." मी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "आतून एक पाचवाही द्या. रेषा सांभाळून." शेवटी कलावंतच ते. पाचवा खिसा इतक्या कौशल्याने काढला की बाहेरून मलाही सापडेना.

सोमवार, २६ मे

मासिकात साहेबांची मोठी मुलाखत आली. वर जाड अक्षरात, 'बसलेल्या स्त्रीचा शोध'. खाली त्या सीटवर बसलेल्या साहेबांचा फोटो. आम्हा कोणाचं नाव नाही. पैलवानाचं नाही, समितीचंही नाही.

मला वाईट वाटलं. मावशींनी मासिक शिलाईच्या खोलीत फिरवलं. म्हणाल्या, "शोध लावला म्हणे! आम्ही काय इथे इतकी वर्षं उभ्याने शिवतोय?" यंत्रं थांबली, खोली हसून हसून बेजार. मग मावशी मासिक हातात घेऊन जिन्याकडे वळल्या.

"कुठे?" मी विचारलं.

"वर. साहेबांना म्हणावं, पुढच्या कोटाची चर्चा होईल तेव्हा माझी खुर्ची वर लागेल. पहिल्या दिवसापासून. नाहीतर वही घेऊन खाली या."

अर्ध्या तासाने परत आल्या. जाताना घातलेला चष्मा वरच विसरून आल्या होत्या. मी आणून देतो म्हटलं, तर म्हणाल्या, "राहू द्या. उद्या वरच लागणार आहे."

हिला मुलाखत वाचून दाखवली. मला वाटलं, चिडेल. ही म्हणाली, "घेऊ दे त्यांना शोध. मला चाक हवं होतं."

सोमवार, २ जून

हे थांब्यावरच्या बाकावर बसून लिहितोय. कामावर जायला उशीर होणार, होऊ दे.

डेपोत आज सगळ्या महिला ड्रायव्हर नव्या गणवेशात. खिडकीत कोणालाही बसवलं नाही. ही पहाटे निघाली तेव्हा मी प्रार्थनेत होतो. बटणं पुढून आहेत, माझी गरज पडली नाही. मग मीच आवरलं आणि हिची बस जिथून सुटते तिथे गेलो. इतक्या वर्षांत हिच्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत कधी गेलो नव्हतो. कामाची जागा चालत जाण्यासारखी, गरजच पडली नाही.

ही मला बघून म्हणाली, "कुठे?"

"शेवटपर्यंत."

"तिकीट काढा आणि मागे बसा. ड्रायव्हरशी बोलायला मनाई आहे."

मी चाकामागच्या पहिल्या सीटवर बसलो. गाडी भरत गेली. बाजारापाशी एक हातगाडी आडवी आली, हिने इतकी हळू थांबवली की उभ्या माणसांचा तोलही गेला नाही. नदीवरच्या अरुंद पुलावर समोरून दुसरी बस आली. हिने आरशात पाहिलं, थोडं मागे घेतलं, खिडकीतून हात काढून त्याला खूण केली. तो पैलवान होता. जाताना त्याने लांबलचक हॉर्न वाजवला. हिने मान हलवली, हसली, पण नजर रस्त्यावरून काढली नाही. शाळेची पोरं चढली. हिने मागे वळून एकदाच ओरडून सांगितलं, "दारात लटकू नका!" सगळी आत आली. वळणावर दोन्ही हात चाकावरून एकामागून एक फिरत, वर जात, खाली येत, आणि ते अवजड धूड कणकेच्या गोळ्यासारखं हवं तसं वळायचं. मी बघतच राहिलो. ही रोज हे करते. भाकरी थापावी इतकं सहज.

माझ्या शेजारी एक वयस्कर बाई बसल्या होत्या. उतरायच्या आधी मला म्हणाल्या, "ड्रायव्हरबाईंचा कोट बघितलात का हो? काय छान बसलाय. कोणी शिवलाय कोण जाणे."

मी चमकून पुढे पाहिलं. निळा कोट. माझाच. मुंढा खोल, काखेत कळी, पाठीवर एकही सुरकुती नाही. जन्मभर मी माणसाकडे बघण्याआधी त्याच्या शिवणीकडे बघत आलो, आणि आज सबंध रस्ताभर मला कोट दिसलाच नव्हता.

"नाही," मी म्हणालो, "मी चालवणारीकडे बघत होतो."